नातेवाइकांचा ‘सहभाग’ की फुकटची वेठबिगार?

रुग्णसेवेत कुटुंबीयांना ‘सहभागी’ करून घेण्याचा नवा मंत्र अलीकडे आरोग्यक्षेत्रातील अधिकारी व तज्ज्ञ जपू लागले आहेत. तपासणीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, पुढील भेटीच्या तारखा हे सारे मोबाइलवर येईल, घरची माणसे ते पाहतील आणि रुग्णाची देखभाल सुधारेल, असे सांगण्यात येते.

या देशातील सार्वजनिक रुग्णालयांत नातेवाईक सहभागी नव्हता केव्हा? स्ट्रेचर ढकलतो तो नातेवाईक, रक्ताच्या पिशवीसाठी धावतो तो नातेवाईक, केसपेपरच्या रांगेत पहाटेपासून उभा राहतो तोही नातेवाईकच! परिचारिका व कर्मचाऱ्यांची पदे रिक्त ठेवायची आणि त्यांची कामे गरीब कुटुंबांच्या बुडालेल्या मजुरीतून करून घ्यायची, ही रीत जुनीच आहे. आता नोंदणी व कागदपत्रांचे कामही त्यांच्याच माथी मारले जात आहे.

आणि ही ‘घरची माणसे’ म्हणजे कोण? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करतात. पुरुषांचे प्रमाण २१.४ टक्के आहे. अशी स्त्री या कामी दिवसाकाठी १४० मिनिटे खर्च करते, पुरुष ७४. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल १५ ते ४९ वयोगटातील जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे आढळला. त्यानंतर मोबाइलचा प्रसार वाढला हे खरे. पण ज्या घरात एकच फोन आहे, तेथे तो पुरुषाबरोबर कामावर जातो आणि आजाऱ्याच्या उशाशी बसते ती स्त्री.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील १४ आकडी ‘आभा’ खात्याची चावी म्हणजे मोबाइलवर येणारा ओटीपी. परिणाम उघड आहे. ज्याच्या हाती फोन त्याला सारे दिसते. जी सेवा करते तिला काहीच दिसत नाही. सुनेने डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेली गोष्ट सासरच्या फोनवर उघडी पडू शकते. याला रुग्णाची संमती म्हणावयाचे काय?

यावर ‘तुम्ही यंत्राचे वैरी’ असा कांगावा होईल. तो खोटा आहे. स्वतःच्या आजाराची नोंद हाती असणे हा रुग्णाचा हक्क आहे. ती नसल्यामुळे त्याच तपासण्या पुन्हा खाजगी प्रयोगशाळांत कराव्या लागतात, हे कष्टकऱ्यांइतके कोणास ठाऊक? आमचा विरोध यंत्राला नाही. यंत्र पुढे करून जबाबदारी झटकणाऱ्या शासनाला आहे. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के सरकारी खर्चाचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भार लोकांच्या खिशावर होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस कामकाज पुन्हा कागद-लेखणीनेच चालवावे लागले, हेही विसरता कामा नये.

खरा सहभाग कसा असतो हे केरळने दाखविले आहे. २००८ च्या तेथील उपशामक सेवा धोरणाने पंचायतींमार्फत परिचारिका अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या घरी पोहोचविली. तेथे कुटुंबाला शिकविणारे आणि त्याचे ओझे वाटून घेणारे माणूस दारात येते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रुग्णाने निवडलेल्या शुश्रूषा करणाऱ्यास स्वतंत्र प्रवेशाधिकार हवा. कोणती नोंद दाखवायची आणि अधिकार केव्हा काढून घ्यायचा, हे रुग्णच ठरवील. प्रत्येक नोंदीची मातृभाषेतील कागदी प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. ‘आभा’ नाही म्हणून कोणालाही परत पाठविता कामा नये. प्रत्येक सरकारी रुग्णालयात पगारी साहाय्यक नेमा, रिक्त पदे भरा आणि शुश्रूषेसाठी मजुरी बुडणाऱ्यांना भत्ता द्या.

हे होत नाही तोवर ‘सहभाग’ हे वेठबिगारीचेच गोंडस नाव राहील. रुग्ण, त्यांची कुटुंबे आणि आरोग्य कर्मचारी यांनी या मागण्यांसाठी एकजुटीने उभे राहिले पाहिजे!