मेंदूतील चिप बंद पडली, तर जॉबर कोण?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग बंद पडला की जॉबरला हाक जाते. तो येतो, बिघाड शोधतो, सुटा भाग बदलतो आणि चादर-टॉवेलचे काम पुन्हा सुरू होते. नवे यंत्र घेताना कारखानदार आधी दुरुस्तीची सोय पाहतो. हातपाय निकामी झालेल्या माणसांच्या मेंदूत बसवल्या जाणाऱ्या चिपबाबतही हाच प्रश्न विचारायला हवा, आणि तोही चाचणी सुरू होण्याआधी.

चिप नेमके काय करते?

मानेजवळ मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोहोचत नाही. मेंदू मात्र हुकूम देत राहतो. हात हलवण्याचा विचार करताच त्या भागातील पेशींत विजेचे सूक्ष्म संकेत उमटतात. चिपचे इलेक्ट्रोड ते टिपतात आणि संगणक त्यांचा अर्थ लावून पडद्यावरचा कर्सर किंवा रोबोटिक हात हलवतो. जकार्डच्या पुठ्ठ्यावरील भोकांवरून सोलापुरी चादरीची नक्षी उतरते, तसेच काहीसे. पण पुठ्ठ्यावरची भोके जागची हलत नाहीत. मेंदूतील संकेत बदलत राहतात. इलेक्ट्रोड किंचित सरकला किंवा त्याच्याभोवती वणासारखा थर जमला, की संकेत क्षीण होतो. म्हणून ही यंत्रणा वारंवार जुळवून घ्यावी लागते.

चाचण्या कुठवर आल्या?

अमेरिकेत २००४ मध्ये ‘ब्रेनगेट’च्या चाचणीत मॅथ्यू नेगल या तरुणाच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडची पट्टी बसवली गेली. त्याने केवळ विचाराने कर्सर हलवला. ‘सिंक्रॉन’ कंपनीने कवटी न उघडता रक्तवाहिनीतून यंत्र नेण्याची पद्धत आणली. जानेवारी २०२४ मध्ये ‘न्यूरालिंक’ची चिप नोलंड आर्बो याला बसवली गेली आणि तो संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला. काही आठवड्यांतच चिपचे सुमारे ८५ टक्के धागे मेंदूतून मागे सरकले. कंपनीने सॉफ्टवेअर बदलले, तेव्हा त्याचा कर्सर पुन्हा नीट चालू लागला. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर खरी गरज पडली ती हाकेला येणाऱ्या तंत्रज्ञांची.

कंपनीच उठून गेली तर?

हे आधी घडले आहे. ‘सेकंड साइट’ या अमेरिकी कंपनीने दृष्टिहीनांसाठी डोळ्यात बसवायचे ‘आर्गस २’ हे यंत्र आणले. जगभरात ३५०हून अधिक जणांनी कंपनीची यंत्रे बसवून घेतली. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले आणि पुढे ती दिवाळखोरीच्या काठावर गेली. बिघाड झाला तर दाद मागायला जागा उरली नाही. ऑस्ट्रेलियात ‘न्यूरोव्हिस्टा’ कंपनीने अपस्माराच्या झटक्याची आगाऊ सूचना देणारे यंत्र १५ जणांवर तपासले. पैसे संपल्यावर यंत्रे काढण्यात आली. त्यांतल्या एका महिलेला ते काढायचे नव्हते. त्या यंत्राच्या भरवशावर ती घराबाहेर पडू लागली होती.

आपला कायदा काय म्हणतो?

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ६ नुसार अपंग व्यक्तीवर संशोधन करायचे तर तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली मुक्त संमती हवी. शिवाय निम्मे तरी सदस्य स्वतः अपंग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असतील, अशा समितीची पूर्वपरवानगी हवी. ही तरतूद भक्कम आहे. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत, चाचणीतील औषध गुणकारी ठरले आणि दुसरा पर्याय नसला, तर ठरावीक अटींवर ते पुढेही मोफत देण्याची सोय आहे. पण गोळी देत राहणे वेगळे आणि डोक्यातले यंत्र चालू ठेवणे वेगळे. त्याला बॅटरी, सॉफ्टवेअर, सुटे भाग आणि वेळ पडल्यास दुसरी शस्त्रक्रिया लागते.

मग काय हवे?

आपल्याकडे अशा चाचणीला परवानगी देताना तीन अटी घालाव्यात. देखभालीची आणि यंत्र काढण्याच्या खर्चाची रक्कम आधीच ठेव म्हणून वेगळी ठेवावी. कंपनी बंद पडली तर सॉफ्टवेअर आणि दुरुस्तीची माहिती सरकारी संस्थेच्या हाती यावी. आणि रुग्णाच्या प्रवासाचा, सोबत्याच्या बुडालेल्या रोजाचाही खर्च चाचणीने उचलावा. सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराला जुळवणीसाठी दर वेळी पुणे-मुंबई गाठावी लागली, तर संमतीपत्रावर सही करण्याचा अर्थच बदलतो.

इतक्या अटी घातल्या तर कंपन्या इकडे येणारच नाहीत, असे कोणी म्हणेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी उशीर महाग असतो, हेही खरे. पण सुरुवातीच्या चाचण्यांत माणसे मोजकी असतात, त्यामुळे ही जबाबदारीही मोजता येते. जी कंपनी तेवढी तजवीज करू शकत नाही, तिने माणसाची कवटी उघडू नये. घरच्यांनी संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारावे: पाच वर्षांनी हे बंद पडले, तर आम्ही फोन कुणाला करायचा? त्याचे उत्तर लेखी मिळाले, तरच सही करावी.