कागदावर थांबलेल्या सिंफन्या

फ्रान्स बेर्वाल्ड या स्वीडिश संगीतकाराने ‘सिंफनी सँग्युलिएर’ १८४५ मध्ये लिहून पूर्ण केली. ती पहिल्यांदा वाजली १९०५ मध्ये. तोवर बेर्वाल्डला जाऊन ३७ वर्षे झाली होती. साठ वर्षे एक संपूर्ण सिंफनी कागदावर होती आणि ती कोणाच्याही कानी पडली नव्हती.

ख्याल-ठुमरीवर कान घडलेल्या मराठी रसिकाला ही गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. आपल्याकडची बंदिश एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. कोणी गायलीच नाही तर ती उरत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचना स्वरलिपीत उतरलेली असते, म्हणून ती न वाजताही शाबूत राहू शकते. मात्र ती ऐकू यायची तर चाळीस-पन्नास वादक, प्रत्येकासाठी वेगळी उतरवलेली प्रत, तालमी, सभागृह आणि या सगळ्याचा खर्च उचलणारा कोणीतरी लागतो. दुर्मीळ ध्वनिमुद्रण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एखाद्या थोर गायकाची हरवलेली मैफल येते. स्वीडनच्या अल्पपरिचित संगीतकारांच्या बाबतीत अनेकदा ते ध्वनिमुद्रण म्हणजेच त्या रचनेचा एकमेव आवाज असतो. त्याकडे संग्राहकांचा छंद म्हणून पाहू नये, असे आम्हांला वाटते ते यासाठीच.

बेर्वाल्डला पोटासाठी संगीताबाहेर जावे लागले. बर्लिनमध्ये त्याने अस्थिव्यंगावर उपचार करणारी संस्था काढली, पुढे उत्तर स्वीडनमध्ये काचेच्या कारखान्याचे व्यवस्थापन पाहिले. चार सिंफन्यांपैकी त्याच्या हयातीत एकच वाजली, तीही १८४३ मध्ये, आणि तिचे फारसे स्वागत झाले नाही. स्टॉकहोमच्या संगीतशाळेत प्राध्यापकपद मिळाले ते मृत्यूच्या आदल्या वर्षी. आज ‘सँग्युलिएर’ ऐकताना तिची मांडणी चकित करते: संथ भागाच्या पोटातच स्केर्झो, म्हणजे एरवी वेगळा असणारा द्रुत भाग, बसवलेला आहे, तो संपला की संथ सूर पुन्हा पुढे चालू होतो. इगोर मार्केविचने बर्लिन फिलहार्मोनिककडून बेर्वाल्डच्या दोन सिंफन्या १९५०च्या दशकात ध्वनिमुद्रित केल्या, आणि स्वीडनबाहेरच्या श्रोत्यांना हा माणूस खऱ्या अर्थाने ऐकता आला.

कुर्ट अ‍ॅटरबर्गची वाट वेगळी. हा इंजिनिअर, स्वीडनच्या पेटंट कार्यालयात त्याने पन्नासहून अधिक वर्षे नोकरी केली आणि नऊ सिंफन्या लिहिल्या. शूबर्टच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली म्हणून कोलंबिया ग्राफोफोन कंपनीने १९२८ मध्ये रचनास्पर्धा घेतली. तिचे दहा हजार डॉलरचे पहिले बक्षीस त्याच्या सहाव्या सिंफनीला मिळाले. लोकांनी तिला ‘डॉलर सिंफनी’ म्हणायला सुरुवात केली. थॉमस बीचमच्या संचालनाखाली ती लगेच तबकड्यांवरही आली. ग्रामोफोनच्या व्यवसायातूनच एखादी सिंफनी जगभर पोचल्याचे हे ठळक उदाहरण. पण तेवढ्याने संगीतकार टिकला नाही. बदललेली अभिरुची आणि नाझी जर्मनीतील संगीतसंस्थांशी असलेल्या संबंधांवरून युद्धानंतर उठलेले प्रश्न यांमुळे तो मागे पडला. त्याच्या नऊही सिंफन्या सलग ऐकता आल्या त्या आरि रासिलायनेन या फिनिश संचालकाने सीपीओ या जर्मन कंपनीसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे.

याच अ‍ॅटरबर्गच्या हातून आणखी एक काम झाले. विल्हेल्म स्टेनहामरचा पहिला पियानो कॉन्चेर्टो १८९४ मध्ये स्टॉकहोमला वाजला. खुद्द स्टेनहामर पियानोवर होता, वय अवघे तेवीस. दुसऱ्या महायुद्धात ब्रेस्लाऊ येथील प्रकाशकाकडचे वाद्यवृंदाचे साहित्य नष्ट झाले आणि रचना गेली असेच धरले गेले. दोन पियानोंसाठी केलेली प्रत तेवढी शिल्लक होती; तिच्या आधारे अ‍ॅटरबर्गने वाद्यवृंदाचा भाग नव्याने लिहिला. पुढे १९८०च्या दशकात मूळ स्वरलिपीची एक प्रत सापडली ती थेट वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये! मूळ रूपातली ध्वनिमुद्रणे १९९०च्या दशकात शँडॉस आणि बीआयएस या कंपन्यांनी काढली. त्याआधीच्या ध्वनिमुद्रणात ऐकू येतो तो अ‍ॅटरबर्गचा वाद्यमेळ. पियानोवादनाचा भाग तोच, भोवतीचे रंग मात्र दुसऱ्या माणसाच्या हातचे. कोणते ध्वनिमुद्रण कोणत्या प्रतीवरून केले हे सांगणारी चार वाक्ये सोबत नसतील, तर श्रोता स्टेनहामर समजून भलतेच काही ऐकत राहील.

स्त्री संगीतकारांच्या बाबतीत तर दाराशीच अडवणूक होती. एल्फ्रिडा आंद्रे १८६७ मध्ये गोथेनबर्गच्या कॅथीड्रलची ऑर्गनवादक झाली. स्वीडनमध्ये त्या जागेवर बसलेली ती पहिली स्त्री. ते पद स्त्रियांना मिळावे म्हणून आधी कायदा बदलावा लागला होता. १९२९ मध्ये मरेपर्यंत ती तिथेच होती. या काळात तिने सिंफन्या लिहिल्या, ऑर्गनसाठी लिहिले, लेखिका सेल्मा लागरलॉफच्या संहितेवर ऑपेराही लिहिला. आमांडा मायरने स्टॉकहोमच्या संगीतशाळेतून १८७२ मध्ये संगीत-संचालकाची पदवी घेतली. ती मिळवणारीही पहिली स्त्री तीच. तिचा व्हायोलिन सोनाटा ऐकला की वाटते, ही रचना वादकांच्या नेहमीच्या यादीत शंभर वर्षांपूर्वीच यायला हवी होती.

हे सारे उजेडात आले ते बाजाराच्या मागणीमुळे नव्हे. लाख-दीड लाख वस्तीची नोरशपिंग, हेल्सिंगबोरी यांसारखी शहरे सार्वजनिक पैशावर पूर्ण वेळ वाद्यवृंद चालवतात, हा पहिला आधार. सरकारी संगीतसंस्था रिक्सकोनसेर्टेरने १९७१ मध्ये काप्रिस ही कंपनी सुरू केली. १७७१ मध्ये स्थापन झालेल्या संगीताच्या रॉयल अकादमीने ‘म्युझिका स्वेसिए’ ही मालिका काढली, आणि पुढे ‘लेवांदे म्युझिकआर्व’ प्रकल्पात हस्तलिखिते संपादित करून स्वरलिपी सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या. स्टर्लिंगसारख्या छोट्या कंपनीने विस्मृत रोमँटिक संगीतकारांनाच वाहून घेतले. १९७३ पासूनच्या बीआयएसचा तर बाणा असा, की एकदा काढलेले ध्वनिमुद्रण यादीतून वगळायचे नाही, मग त्याच्या कितीही कमी प्रती खपोत.

यातले बरेच आता बदलले आहे. रिक्सकोनसेर्टेर २०१० अखेर बंद झाली. बीआयएस २०२३ मध्ये अ‍ॅपलने विकत घेतली. मोठ्या कंपनीच्या हाती गेल्याने जुने ध्वनिमुद्रण नाहीसे होईलच असे नाही. उलट ते पुण्या-नाशिकच्या श्रोत्याला फोनवर एका क्षणात मिळते, आणि ही सोय मोलाची आहे. पण सीडीसोबतची माहितीपुस्तिका तिथे अनेकदा नसते. संगीतकाराच्या नावाची स्पेलिंगे वेगवेगळी पडतात, चार भागांची सिंफनी चार सुट्या गाण्यांसारखी विखुरते. बेटहोवेनचे यात फारसे बिघडत नाही. ज्याच्याविषयी त्या पुस्तिकेखेरीज सहज मिळणारे दुसरे काही नाही, त्या संगीतकाराचा मात्र पत्ताच पुसला जातो. ध्वनिमुद्रणाच्या हक्काबरोबर ही पुस्तिका, संपादित प्रतीची माहिती आणि वादकांची नावे जपण्याची जबाबदारीही विकत घेणाऱ्याकडे जाते, असे करारातच लिहिले पाहिजे. सार्वजनिक पैशातून झालेल्या ध्वनिमुद्रणांना तर ही अट निरपवाद हवी.

विस्मृत ते सारे श्रेष्ठ, असा आमचा दावा नाही. एकोणिसाव्या शतकातले कितीतरी स्वीडिश संगीत लाइपझिगमध्ये शिकलेल्या नेटक्या कारागिरीच्या पलीकडे जात नाही. पण हा निकाल देण्याआधी ऐकणे न्याय्य रीतीने झालेले असावे. पहिले ध्वनिमुद्रण बहुधा अपुऱ्या तालमींवर होते. वादकांनी ती रचना आधी कधी वाजवलेली नसते, प्रतींतल्या चुका तालमीतच सापडतात. आलान पेटरसनची सातवी सिंफनी सुदैवी ठरली. स्टॉकहोमच्या गरीब वस्तीत वाढलेला, संधिवाताने बोटे वाकलेला हा व्हायोलावादक. त्याची ही सिंफनी १९६८ मध्ये आन्ताल दोरातीने प्रथम सादर केली, लगोलग तिची तबकडी निघाली, आणि नंतरच्या संचालकांनी तीच रचना आपापल्या समजुतीने पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केली. क्रिस्तियान लिंडबेरी आणि नोरशपिंगचा वाद्यवृंद यांचे सादरीकरण दोरातीच्या शेजारी ठेवून ऐकता येते, म्हणून तिच्यावर वाद घालता येतो. आंद्रेच्या सिंफन्यांवर असा वाद अजून रंगू शकत नाही. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी जसे अनुदान मिळते, तसेच ते दुसऱ्यासाठी आणि तिसऱ्यासाठीही मिळायला हवे.