अभ्यंगाचे तेल आणि फाटलेला पडदा

नरकचतुर्दशीच्या पहाटे सूर्योदयापूर्वी तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान करावे, पायाखाली कारीट चिरडावे आणि मग अंगणात फटाका लावावा, हा आपल्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. त्यातील तेल आणि फटाका यांची गाठ एकाच ठिकाणी पडते, ती कानात. आणि तेथे मायेपोटीच मोठी हानी होते, म्हणून आज सणाच्या दिवशी आम्ही हा अप्रिय विषय काढीत आहोत.

सुतळी बाँब हातभर अंतरावर फुटला की हवेच्या तडाख्याने कानाचा पडदा फाटू शकतो. क्वचित त्यामागील हातोडी, ऐरण व रिकीब ही इवलीशी हाडेही निखळतात. पोर कान धरून रडू लागते आणि आजी लगबगीने लसणीचे कोमट तेल कानात सोडते. तिला शास्त्राचा आधार नाही असे नव्हे. वाग्भटांनी अभ्यंग सांगताना मस्तक, कान व पाय यांवर विशेष भर दिला आहे. पण ती दिनचर्या निरोगी माणसाची होय. पडदा फाटला असता तेच तेल आणि तेच न्हाणीचे पाणी थेट मध्यकर्णात उतरते, जंतुसंसर्ग होतो व कान वाहू लागतो. एरवी, कोरडा राखला तर असा पडदा बहुधा काही आठवड्यांत आपोआप सांधतो!

याहून खोल इजा डोळ्यांना दिसत नाही. अंतःकर्णात देवघरातील शंखासारखा वळसे घेत गेलेला एक अवयव आहे. त्यात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५,००० केशपेशी असतात, आणि मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. येथे रक्त नाही, ठणका नाही. कानात नुसती शिट्टी वाजत राहते, बोलणे दुरून आल्यासारखे वाटते, कधी भोवळ येते. फराळाच्या गडबडीत मूल ते सांगतही नाही. औषधाचा गुण यायचाच तर तो पहिल्या काही दिवसांत येतो. "भाऊबीज होऊन जाऊ दे, मग दाखवू" हे वाक्य अशा वेळी फार महाग पडते.

फटाक्याच्या आवाजाला कायद्याने १२५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ४ मीटरवर मोजलेली. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने चढते. म्हणजे १ मीटरवर उभ्या असलेल्या मुलाच्या कानी १३७ येतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वर्ज्य ठरविले. आपली पहाटेची हौस नेमकी त्या वेळेत येते, हे किती वडीलधाऱ्यांच्या ध्यानी असते?

कान दुखावलेल्या मुलाला त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे. तोवर कानात काडी, तेल, थेंब, काहीही घालू नये. मस्तकाला तेल लावण्यास मात्र प्रत्यवाय नाही. व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी अलगद बसवावा आणि मगच त्याला न्हाऊ घालावे.