शिक्षा एकट्या घरमालकालाच का?



‘घर किरायाने देता, मग करार नोंदवायला काय जाते?’ असे विचारणारे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचले. चार पैसे वाचवायला घरमालक नोंदणी टाळतात, असा त्याचा सूर. पत्रलेखकाने आयुष्यात कधी किरायेदार ठेवलेला दिसत नाही.

पैशाचा हिशेब सोपा आहे. महिना चार हजार किराया, अकरा महिन्यांचे 44 हजार, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे 110 रुपये. नगरपालिकेच्या हद्दीत नोंदणी फी हजार. एवढे मी एकटा भरायला तयार आहे. पण करारावर अंगठा दोघांचा लागतो, आणि घोडे तिथेच अडते. मुलांच्या शिक्षणासाठी हिंगणघाटला घेतलेले घर आता किरायाने देतो. येणारा माणूस चावी हातात पडेपर्यंत ‘हो काकाजी, हो काकाजी’. सामान उतरले की ठसे उमटत नाहीत, आधारला मोबाइल जोडलेला नाही, साहेब सुटी देत नाहीत. आणि शेवटी, ‘काकाजी, स्टँपवर नोटरी करून टाकू ना, कशाला झंझट!’

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 55 काढून वाचावे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी घरमालकाची. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणाला? घरमालकाला. अंगठा द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला? काहीच नाही. उलट वाद उभा राहिला तर अटींबाबत किरायेदार म्हणेल ते खरे, आम्ही ते खोटे पाडेपर्यंत. मग त्याने अंगठा द्यावाच कशाला? नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर मुदत संपल्यावर कलम 24 खाली ताबा मागता येतो, दुप्पट दराने भरपाईही. म्हणजे ज्या कागदावर माझे घर मला परत मिळायचे, तो कागद होऊ द्यायचा की नाही, हे समोरचा ठरवणार!

‘करार झाल्याशिवाय चावी देऊ नका’ हा सल्ला तोंडाला सोपा. कागद न मागणारे घर किरायेदाराला पुढच्या गल्लीत मिळते आणि आमच्या बंद दारांना वाळवी लागते. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या 1949 च्या भाडे नियंत्रण आदेशात घर खाली करण्याची नोटीस द्यायलाही रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. ती कटकट नव्या कायद्याने गेली, तराजू मात्र तसाच कलता राहिला. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात द्या म्हणता, देतो. फोटो, आधार, आधीचा पत्ता सगळे देतो. मग कलम 55 मध्ये किरायेदारालाही जबाबदार धरा. सही टाळली तर दंड त्यालाही.

आणि लाइट बिलाचे कोणी बोलतच नाही. मीटर माझ्या नावावर, कूलर किरायेदाराचा. उन्हाळाभर चालवून तो बिल न भरता निघून गेला, थकबाकी माझ्या माथी. तो राहत असताना मी लाइट तोडावी म्हटले तर याच भाडे कायद्याचे कलम 29 आडवे येते. बिल त्याच्या नावाने मागावे तर खिडकीवरचा बाबू म्हणतो, ‘ग्राहक तुम्हीच.’ किरायेदाराच्या नावाने प्रीपेड मीटर द्यायला वीज कंपनीला नेमकी अडचण काय आहे, हे तिने एकदा लेखी सांगावे.

– एक घरमालक, वडनेर (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)