शून्य बिलाचा सोस

व्हॉट्सअ‍ॅपवर, पेपरातून पडणाऱ्या पत्रकांवर, रिक्षाच्या पाठीवर, सगळीकडे सध्या एकच जाहिरात दिसते. छतावर सोलर लावा, वीजबिल शून्य करा! फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' आली आणि तेव्हापासून तर या शून्याला ऊतच आलाय. नातेवाईक भेटले की आधी तब्येत विचारतात आणि मग, "काय, तुमचं शून्य झालं का?"

सोलरला माझा विरोध अजिबात नाही, उलट आहे ते प्रेमच. पण हे 'शून्य' जे डोक्यात बसलंय ना, ते महागात पडतं असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो. थोडी आकडेमोड आहे, चहा घेऊन बसा :)

आपल्याकडे विजेला एकच दर नसतो, टप्पे असतात. महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर बघा. वहन आकार धरून पहिली १०० युनिटं ५ रुपये ८८ पैशांनी, १०१ ते ३०० पर्यंतची ११.४६ ने, ३०१ ते ५०० पर्यंतची १५.७२ ने आणि ५०० च्या पुढची १७.८१ ने. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. त्यानंतर दर बदललेत आणि पुढेही बदलतील. मुंबईत तर कंपन्याही वेगळ्या. पण जितकं जास्त वापराल तितकं पुढचं युनिट महाग, हे तत्त्व सगळीकडे तेच.

आता गंमत अशी, की सोलरमुळे तुमची युनिटं कमी होतात ती वरून कमी होतात. म्हणजे आधी सगळ्यात महागडी युनिटं जातात आणि स्वस्तातली शेवटी. त्यामुळे छतावरच्या प्रत्येक किलोवॅटची किंमत सारखी नसते. पहिला सोन्याचा, दुसरा चांदीचा... आणि पाचवा? सांगतो.

आमचं सोलापूरचं घर घेऊ. आई, बाबा, आजी, एक एसी, गीझर, पाण्याची मोटर. बारा महिन्यांची सरासरी काढली तर महिन्याला ३६० युनिटं. बाबा नुकतेच निवृत्त झालेत. एक विक्रेता घरी येऊन सांगून गेला, "काका, ५ किलोवॅट घ्या. बिल शून्य, आणि वर वीज कंपनीच तुम्हाला पैसे देईल." बाबा जवळजवळ तयार झाले होते. पैसे अर्थातच पीएफचे. म्हटलं, बाबा, दोन दिवस थांबा, आधी बिलं पाठवा.

हिशेब असा. आपल्या भागात १ किलोवॅटचं पॅनेल वर्षभराची सरासरी धरता महिन्याला साधारण ११५ युनिटं देतं. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात बरीच कमी. सोपं व्हावं म्हणून सगळे महिने सारखे धरलेत आणि बाजारभाव किलोवॅटला ६० हजार धरलाय. तुमच्या गावात ७० असेल, आणि यंत्रणा छोटी असेल तर किलोवॅटमागे खर्च आणखी जास्त पडतो. केंद्राचं अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. एकूण ७८ हजार, की संपलं. चौथ्याला छदामही नाही.

पहिल्या किलोवॅटमुळे बिल शुल्कासकट महिन्याला १,८२५ रुपयांनी कमी होतं. अनुदान वजा जाता खर्च ३० हजार, म्हणजे जेमतेम दीड वर्षात वसूल.

दुसऱ्यामुळे १,५२९ रुपये वाचतात. खर्च तेवढाच, वसुली वीस महिन्यांत.

तिसऱ्यामुळे ९७९ रुपये. खर्च ४२ हजार, वसुली साडेतीन वर्षांत. अजूनही झकास.

चौथा मात्र... १०२ रुपये! कारण तोवर घराच्या वापरातली १५ युनिटंच शिल्लक असतात, आणि तीही सगळ्यात स्वस्तातली. उरलेली १०० युनिटं ग्रिडमध्ये जातात. ती पुढच्या महिन्यांत वापरता येतात हे खरं, पण दर महिन्याला उरतच असतील तर वापरणार कधी? आर्थिक वर्षाच्या शेवटी वीज कंपनी ती विकत घेते, पण आपण देतो त्या दराने नाही, त्याच्या कितीतरी खालच्या दराने. युनिटला ३ रुपये मिळतील असं धरलं तरी चौथ्या किलोवॅटची कमाई महिन्याला ४०० च्या आसपास. पाचव्याची तर सगळीच वीज विकायची, म्हणजे ३४५ रुपये.

आता हेच ६० हजार ७ टक्क्यांच्या एफडीत ठेवले तर महिन्याला ३५० रुपये मिळतात. आणि मुद्दल शाबूत राहतं! पॅनेलचं मुद्दल छतावर ऊन खात बसतं, ते परत मोडून हातात येत नाही.

थोडक्यात काय, विक्रेत्याच्या ५ किलोवॅटमधले शेवटचे दोन, म्हणजे १ लाख २० हजार रुपये, निव्वळ 'शून्य' या शब्दाची किंमत होती. आणि तरीही बिल शून्य आलं नसतंच, कारण स्थिर आकार कुणालाच चुकत नाही. तुम्ही एक युनिटही वापरलं नाहीत तरी तो येणार, कारण रात्री तुमचे दिवे ग्रिडच लावतं. ग्रिड ही आपली फुकटात मिळालेली बॅटरी आहे, तिचं भाडं म्हणून शे-सव्वाशे रुपये द्यायला मला तरी काही वाटत नाही. शिवाय बॅटरी नसलेली ही यंत्रणा लाईट गेली की स्वतःहून बंद होते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. पण भर दुपारी छतावर ऊन आणि घरात पंखा बंद, हे चित्र जाहिरातीत दिसत नाही.

शेवटी आम्ही ३ वर थांबलो. बाबांना पटायला एक रविवार लागला. "अरे, पण लोक काय म्हणतील, बिल येतंच आहे म्हणून?" म्हटलं, येऊ दे, आधीच्या साडेचार हजारांच्या जागी दोन-अडीचशे येऊ दे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, उद्या वापर वाढला तर? बरोबर आहे. वर्षभरात इलेक्ट्रिक स्कूटर किंवा दुसरा एसी नक्की येणार असेल, तर तो वापर धरून हिशेब करा. मग चौथा किलोवॅटही कामाला लागतो. पण 'कधीतरी घेऊ' या भरवशावर आज पैसे घालू नका. ऑफिसात सर्व्हर घेताना आपण लोड बघतो, आणि घरच्या छताला मात्र अंदाजपंचे? तसंच, दिवसा तयार झालेली वीज रात्रीच्या वापरातून कशी वजा करायची याचे नियम वीज नियामक आयोग ठरवतो. ते २५ वर्षं जसेच्या तसे राहतील यावर मी तरी पैज लावणार नाही. जे दोन-चार वर्षांत वसूल होतं, त्याला नियम बदलण्याची भीती कमी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळं पैशातच का मोजायचं? जास्तीची वीज ग्रिडमध्ये गेली तर तेवढा कोळसा तरी वाचेल. अगदी मान्य! पण मग तो जास्तीचा किलोवॅट कुठे लावायचा, हा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यावरच आहे, म्हणजे सोसायटीच्या गच्चीवर.

आपण फ्लॅटवाले सोलरचा विषय निघाला की "आमचं कुठे छत आहे" म्हणून मोकळे होतो. पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचा मीटर कधी बघितलाय? समजा ४० फ्लॅटची सोसायटी आहे आणि या मीटरवर महिन्याला १,८०० युनिटं जातात. त्यातली १,३०० युनिटं ५०० च्या वरच्या टप्प्यात, म्हणजे शुल्कासकट वीस रुपये सहासष्ट पैशांना एक! इमारतीतली सगळ्यात महाग वीज कुणाच्या एसीत नाही, लिफ्टमध्ये आहे. आणि ती आपण मेंटेनन्समधून निमूटपणे भरतो.

इथे १० किलोवॅट लावा. हजारेक चौरस फूट जागा लागेल. याच योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे. ६ लाखांतून १ लाख ८० हजार गेले, उरले ४ लाख २० हजार. म्हणजे फ्लॅटमागे साडेदहा हजार, एका बऱ्या मोबाईलपेक्षा कमी. महिन्याची बचत साधारण २३ हजार ७०० रुपये, म्हणजे दीड वर्षात वसूल. घराच्या चौथ्या किलोवॅटशी तुलनाच नको.

मग होत का नाही? कारण वार्षिक सभेला आपण जात नाही. तिथे पार्किंग आणि गळती यांवर दोन तास भांडण होतं, आणि ज्यांना हा हिशेब पाच मिनिटांत एक्सेलमध्ये करता येतो ती सगळी मंडळी त्या वेळी मॉलमध्ये असतात. सेक्रेटरीकाका तरी एकटे काय काय करणार?

तेव्हा पुढच्या शनिवार-रविवारी एवढंच करा. गावी आईबाबांचं घर असेल तर त्यांच्याकडून बारा महिन्यांची बिलं मागवा. कुणी विक्रेता यायच्या आत सरासरी काढा, आणि कुठल्या टप्प्यातली किती युनिटं जातात ते लिहून ठेवा. गच्चीवर पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नारळाची सावली कुठे पडते तेही बघा. आणि सोसायटीच्या ऑफिसातून सामायिक मीटरचं एक बिल मागून घ्या. सभासद आहात, कुणी नाही म्हणणार नाही. सभेची तारीखही तिथेच विचारून या.