डेटा सेंटरचा ताळेबंद जनतेपुढे मांडा!

3 मे 2025 रोजी छत्तीसगडचे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी नवा रायपूर येथे रॅकबँक या खासगी कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता डेटा सेंटर पार्कची पायाभरणी केली. साडेतेरा एकर जमीन, हजार कोटींची गुंतवणूक, पुढे 80 मेगावॉटपर्यंत क्षमता, असे आकडे जाहीर होताच प्रगतीची नौबत झडू लागली. परंतु याच प्रदेशात भिलाई उभी आहे. तेथील कामगारवर्ग नुसत्या आकड्यांनी दिपून जाणार नाही.

2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या योजनेत दल्ली-राजहरा येथील लोहखनिज, तांदुला जलाशयाचे पाणी, रेल्वे, वसाहत, शाळा व इस्पितळ यांचा एकत्र विचार होता. नियोजन म्हणतात ते याला!

डेटा सेंटर हाही कारखानाच आहे. साध्या सर्व्हरच्या रॅकला पाच-दहा किलोवॉट वीज पुरते; कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी रॅक शंभराहून अधिक किलोवॉट ओढते आणि जवळजवळ सर्व वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ती नुसत्या हवेने हटत नाही. द्रव खेळवावा लागतो. 80 मेगावॉटचा भार अहोरात्र चालला तर दिवसाला 19 लाख 20 हजार युनिटे लागतील. बाष्पीभवनाने थंडावा साधावा, तर प्रत्येक युनिटमागे सुमारे दीड लिटर पाणी उडते. पाणी वाचवावे, तर भर उन्हाळ्यात वीज अधिक जळते. मग कोणाचे पाणी, कोठला कोळसा, कोणत्या दराने? याचा जाब कोणी द्यावयाचा?

'सरकारपाशी पैसा नाही, म्हणून खासगी भांडवल हवे,' असे सांगितले जाते. मग जमीन, वीजजाळे आणि करसवलती कोणाच्या? बांधकाम संपल्यावर अशा केंद्रात मोजकेच हात लागतात. खर्च समाजाचा आणि नफा मालकाचा, हाच तो जुना व्यवहार!

अर्थात केवळ सार्वजनिक मालकीने सारे साधत नाही. 12 जून 2014 रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यातच पाणीपुरवठा बिघडल्यानंतर विषारी वायूची गळती होऊन सहा जणांचे प्राण गेले. पाणी थांबले की काय होते, याचा धडा भिलाईने रक्त देऊन घेतला आहे. म्हणून देखभाल व सुरक्षिततेच्या नियोजनात कामगारांचा अधिकार हवा.

पाणी-विजेचा ताळेबंद प्रसिद्ध करा, सवलतींच्या अटी उघड करा, कायम नोकऱ्यांची हमी द्या, देशाच्या माहितीची भांडारे सार्वजनिक क्षेत्रात उभारा! या मागण्या घेऊन कामगार संघटनांनी आताच पुढे आले पाहिजे. पाया भरला गेला आहे. इमारत कोणासाठी उठणार, हे अजून ठरावयाचे आहे.