तहानेचा नव्हे, हक्काचा युक्तिवाद

वाशीम, रिसोड किंवा मानोऱ्याच्या सभेत वक्ता पाण्यावर बोलू लागला की टँकर, विंधनविहीर, रखडलेली योजना अशी गाऱ्हाण्यांची यादी वाचतो. श्रोते माना डोलावतात आणि घरी जातात.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण याच्या नेमके विरुद्ध टोकाचे होते. कागदावर सारे अनुकूलच होते. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले होते. तरीही मार्चमध्ये त्या तळ्याचे पाणी प्यायलेल्यांना मार खावा लागला. अशा श्रोत्यांपुढे अर्थशास्त्राच्या या पंडिताने तहानेचा मुद्दाच बाजूस सारला! ते पाणी न पिता आपण आजवर मेलो नाही, पिऊन अमरही होणार नाही. तळ्यावर जायचे ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असा त्यांचा युक्तिवाद होता. मागणी केवळ पाण्याची असती, तर वेगळी विहीर खणून देऊन ती भागवता आली असती. ती पळवाट त्यांनी बंद केली. पाठोपाठ त्यांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. तीत अलंकाराचा सोस नव्हता. अर्धपोटी आलेल्या माणसाला आपण कशासाठी आलो, हे त्यातून उमगत होते.

खरी कसोटी पुढेच होती. न्यायालयाचा मनाईहुकूम होता आणि हजारो सत्याग्रही प्राणाची तयारी करून आले होते. त्यांनी बाबासाहेबांच्या शब्दाखातर सत्याग्रह तहकूब केला. सभा पेटवणारे वक्ते पुष्कळ असतात. पेटलेल्या सभेला थांबवू शकणारा विरळा. न्यायालयीन लढा मात्र १९३७ पर्यंत चालला आणि उच्च न्यायालयात जिंकला गेला.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन येथील भाषणातले स्वप्न सर्वांना आठवते. मोर्चा रोजगार आणि स्वातंत्र्यासाठी होता, आणि भाषणाच्या पूर्वार्धात न वटलेल्या धनादेशाचा दाखला होता, याचा सोयीस्कर विसर पडतो. किंग दान मागत नव्हते, थकलेले देणे मागत होते.

वाशीमला २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत बसवण्यात आले. शब्द गोड आहे. त्यात देणेकरी कोण, हे मात्र कळत नाही. पुढच्या सभेत कार्यकर्त्याने टँकरच्या फेऱ्या मोजण्याआधी गावात कोणत्या वस्तीला नळ सर्वांत शेवटी पोचला, एवढे विचारून पाहावे.